सुतक सांगून यावं : बीजिंगमधल्या लाल पॉपीचं प्रकरण

९ नोव्हेंबर २०१० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून बीजिंगला पोचले. पंतप्रधान होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. सोबत अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न, व्यापारमंत्री विन्स केबल, शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह आणि ऊर्जामंत्री क्रिस ह्यून असे चार मंत्री होते. चाळीसहून अधिक उद्योजकही होते. ब्रिटनमधून चीनला आजवर गेलेलं हे सर्वांत मोठं व्यापारी शिष्टमंडळ, अशी त्याची जाहिरात झाली होती. पाहुणे करार करायला आले होते आणि करार झालेही. रोल्स रॉइसला एकट्या चायना ईस्टर्न या विमान कंपनीकडून ७५ कोटी पौंडांचं काम मिळालं.

या सगळ्यांच्या कोटावर छातीच्या डाव्या बाजूला एकेक लाल कागदी फूल टाचलेलं होतं. ही पॉपी, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी ब्रिटनमध्ये दर नोव्हेंबरात लावतात ती.

ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्या दिवशी बातमी दिली की, चिनी अधिकाऱ्यांनी ही फुलं काढून ठेवण्याची विनंती केली होती. पॉपी म्हणजे अफूचं फूल, आणि अफू म्हटली की चिनी माणसाला अफूची युद्धं आठवतात, हे त्यामागचं कारण. ब्रिटिशांनी ती विनंती मानली नाही. ही फुलं आम्हाला फार मोलाची आहेत आणि आम्ही ती लावणारच, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. चीनचे पंतप्रधान वेन ज्याबाओंनी ग्रेट हॉल या सरकारी सभागृहात स्वागत केलं तेव्हाही फुलं जागेवरच होती. समारंभ पार पडला, कोणी आवाज चढवला नाही. मायदेशी मात्र कॅमेरून यांचं कौतुक झालं. गडी वाकला नाही, असा त्या कौतुकाचा सूर होता.

नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या लोकांना मी गेली काही वर्षं तिथल्या रीतीभाती समजावून सांगते. त्या वर्गात हे प्रकरण मी दरवेळी घेते. वर्गाचे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, 'देश तसा वेश', यजमानानं सांगितलं की काढून ठेवावं. दुसरा म्हणतो, आपल्या शहिदांची खूण कोणाच्या सांगण्यावरून काढायची नसते. या दोन्ही उत्तरांनी माझं समाधान कधीच झालं नाही. का, ते इथे सविस्तर मांडते.

हे फूल आलं कुठून

आधी फुलाची ओळख करून घेऊ. उत्तर फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांत उगवणारी लाल पॉपी हे साधं रानफूल आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते तणच. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि जमीन उकरली जाऊन त्याला उजेड मिळाला की रुजतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी त्या भागाची इंच न् इंच जमीन उलथीपालथी झाली. जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे, खंदकांच्या काठानं आणि ताज्या थडग्यांवर, ही फुलं दाट उगवली. सैनिक रोज ती पाहत होते.

मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ कॅनडाच्या सैन्यातले डॉक्टर जॉन मॅक्रे यांचा तरुण मित्र ॲलेक्सिस हेल्मर गोळ्यानं मारला गेला. त्यानंतर मॅक्रे यांनी 'इन फ्लँडर्स फील्ड्स' ही छोटी कविता लिहिली, आणि डिसेंबरात ती लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात छापून आली. ती वाचून मोइना मायकल या अमेरिकन शिक्षिकेनं न्यूयॉर्कमध्ये रेशमी पॉपी विकत घेऊन आपल्या कोटाला लावली आणि आसपासच्यांनाही वाटली. तो दिवस होता ९ नोव्हेंबर १९१८, म्हणजे युद्धबंदीच्या दोन दिवस आधीचा. बीजिंगच्या प्रसंगाची तारीखही नेमकी तीच निघावी, हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसले.

पुढचं काम ॲना गेरां या फ्रेंच बाईंनी केलं. फ्रान्समध्ये शिवलेल्या कापडी पॉप्या घेऊन त्या १९२१ मध्ये ब्रिटनला गेल्या आणि नव्यानं स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेला त्यांनी ही कल्पना पटवली. ११ नोव्हेंबर १९२१ च्या पहिल्या पॉपी दिवसाला लाखाहून अधिक पौंड जमले. पुढच्याच वर्षी मेजर जॉर्ज हाउसन यांनी लंडनमध्ये कारखाना काढला, तोही युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. एका हातानंही जुळवता येईल अशी त्या कागदी फुलाची घडण होती. स्कॉटलंडमध्ये वेगळा कारखाना निघाला आणि तिथल्या फुलाला आजही चार पाकळ्या असतात, पान नसतं.

आपल्याकडे ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला शाळेत डबा फिरतो, त्यात पैसे टाकले की छातीवर लावायला कागदाचा छोटा ध्वज मिळतो. १९४९ पासूनची ही प्रथा पॉपीच्या जवळची आहे. मी लहानपणी तो ध्वज वहीत जपून ठेवायचे. इंग्लंडमधल्या पहिल्याच नोव्हेंबरात रेल्वे स्टेशनवर गळ्यात ट्रे अडकवून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना पाहिलं तेव्हा ती वही आठवली. मी विचारलं, केवढ्याला? ते म्हणाले, किंमत नाही, तुम्हाला वाटेल ते टाका. मग टाचणी नीट बसेना म्हणून त्यांनीच मला ती कशी अडकवायची ते दाखवलं.

लावण्याची रीत

या फुलाच्या रीतीबद्दल बरंच काही ठासून सांगितलं जातं. पान घड्याळातल्या अकराच्या दिशेनं वळलेलं असावं, पुरुषांनी डावीकडे आणि बायकांनी उजवीकडे लावावं, अमुक तारखेच्या आधी लावू नये. यातलं बहुतेक नंतर चिकटलेलं आहे. खुद्द लीजनचं म्हणणं असं की, लावण्याची चुकीची पद्धत अशी नाहीच, अभिमानानं लावा म्हणजे झालं. रूढी एवढीच की, ऑक्टोबरच्या अखेरीपासून ११ नोव्हेंबरपर्यंत किंवा नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारच्या स्मरणदिनापर्यंत लावायचं, शक्यतो डाव्या बाजूला, हृदयाजवळ. ११ तारखेला अकरा वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. न्यूझीलंडमध्ये हेच फूल एप्रिलमध्ये, अँझॅक दिनाच्या, म्हणजे तिथल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या सुमाराला लावतात. १९२१ मध्ये पॉप्यांचं जहाज तिथे उशिरा पोचलं म्हणून दिवस पुढे ढकलला गेला, आणि तोच रूढ झाला.

खरी मेख वेगळी आहे. लावणं ऐच्छिक आहे, हे लीजन पुन्हा पुन्हा सांगतं. तरी नोव्हेंबर उजाडला की टीव्हीवर कोणाच्या कोटाला फूल नाही ते मोजणारे डोळे तयार असतात. वृत्तनिवेदक जॉन स्नो यांनी निवेदन करताना फूल लावायला नकार दिला आणि २००६ मध्ये या दडपणाला त्यांनी 'पॉपी फॅसिझम' म्हटलं, तेव्हा बराच गदारोळ झाला. फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला. १९७२ च्या रक्तरंजित रविवारी ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या ते हेच शहर. २०१४ मध्ये त्यानं आपल्या क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहून सांगितलं की, फूल फक्त दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असतं तर मी आनंदानं लावलं असतं. पण ते १९४५ नंतरच्या सगळ्या लढायांसाठीही आहे, आणि त्यांत माझ्या गावातली कारवाईही येते.

मॅक्लीनचं हे पत्र मला या साऱ्या वादातला सर्वांत सुसंस्कृत कागद वाटतो. त्यात कोणाचा अपमान नाही, आणि लपवाछपवीही नाही. तुमचं फूल मला काय सांगतं ते त्यानं सांगितलं, आणि तुमच्या मृतांबद्दल मला काय वाटतं तेही सांगितलं. बीजिंगमध्ये नेमकी हीच गोष्ट राहून गेली.

बीजिंगच्या बाजूनं

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटनला चीनचा चहा हवा होता आणि चीनला ब्रिटनचं काहीच नको होतं. ही तूट ईस्ट इंडिया कंपनीनं हिंदुस्थानात पिकवलेल्या अफूनं भरून काढली. चीनमध्ये अफूवर बंदी होती, तरी ती चोरट्या मार्गानं जातच राहिली. १८३९ मध्ये सम्राटानं धाडलेला अधिकारी लिन झेशू यानं वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त केल्या आणि हूमन इथे पाण्यात चुना-मीठ कालवून त्या नष्ट केल्या. त्यावरून ब्रिटननं आरमार पाठवलं. १८४२ च्या नानजिंग तहानं चीनचं हाँगकाँग गेलं, वर भरपाईही द्यावी लागली. दुसरं युद्ध १८५६ ते १८६० चाललं. त्याच्या शेवटी लॉर्ड एल्गिनच्या हुकमानं बीजिंगबाहेरचा बादशाही उन्हाळी राजवाडा जाळण्यात आला. दोनच वर्षांत हेच एल्गिन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि त्यांचा मृत्यू धरमशालेत झाला.

राजवाडा जळला तो ऑक्टोबर १८६० मध्ये. कॅमेरून आले नोव्हेंबर २०१० मध्ये. बरोबर दीडशे वर्षं.

आता जागा पाहा. ग्रेट हॉल त्येनआनमन चौकाच्या पश्चिम कडेला आहे. त्या चौकाच्या मध्यावर लोकवीरांचं स्मारक उभं आहे, आणि त्याच्या चौथऱ्यावर चिनी जनतेच्या लढ्याचे प्रसंग संगमरवरात कोरलेले आहेत. त्यांतला पहिला प्रसंग हूमन इथल्या अफूच्या नाशाचा. चीनमध्ये शाळेत शिकवला जाणारा अर्वाचीन इतिहास तिथूनच सुरू होतो. म्हणजे पाहुणे ज्या दारातून आत गेले, त्याच्या समोरच यजमानाचं सुतक दगडात कोरलेलं होतं.

त्याच चौथऱ्यावर चार मे १९१९ चा प्रसंगही आहे. पहिल्या महायुद्धात चीन दोस्त राष्ट्रांच्या बाजूनं उतरला होता, तरी युद्धानंतरच्या व्हर्साय तहात जर्मनीच्या ताब्यातला शांडोंगमधला मुलूख चीनला परत न देता जपानला देण्यात आला. त्याविरुद्ध विद्यार्थी याच चौकात जमले. ब्रिटनसाठी १९१८ चा नोव्हेंबर म्हणजे बलिदानाचं सार्थक. चीनसाठी त्याच युद्धाचा शेवट म्हणजे विश्वासघात. अफूची गोष्ट बहुतेक बातम्यांनी सांगितली, ही कोणी सांगितली नाही. मला तर अफूइतकीच ही महत्त्वाची वाटते.

पॉपी कोरियातल्या युद्धात पडलेल्या ब्रिटिश सैनिकांचीही आठवण आहे. त्या युद्धात हजाराहून अधिक ब्रिटिश सैनिक मेले, आणि त्यांतले पुष्कळ चिनी फौजांशी लढताना. तेव्हा 'हे फक्त शांतीचं फूल आहे, यात राजकारण कुठलं' असं म्हणून सुटता येत नाही.

आणि मुंबई-पुण्याकडून

इथे आपण कडेला उभं राहून गंमत बघू शकत नाही. चीनला जाणारी अफू बिहार-बनारसकडे कंपनीच्या मक्त्याखाली पिकायची, तशीच माळव्यातही पिकायची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात. मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात आजही सरकारी परवान्यानं अफू होते. अफूच्या कच्च्या बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करायचा, त्याचे गोळे करायचे, बैलांवर लादून घाट उतरवायचे. कंपनीला चुकवण्यासाठी पुष्कळ माल पोर्तुगिजांच्या दमणमधून जायचा. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांकडे गेल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि मुंबईचं महत्त्व आणखी वाढलं.

सर जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी कमाई या व्यापारातली. नानजिंगचा तह झाला त्याच १८४२ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला महाविद्यालय आणि माहीमचा कॉजवे या सगळ्यांत त्या पैशाचा वाटा आहे. पुढे या व्यापारात ससून घराणं सर्वांत पुढे गेलं. बगदादहून मुंबईला आलेल्या डेव्हिड ससून यांनी पुण्यात रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. ते १८६४ मध्ये पुण्यात वारले, आणि त्यांची समाधी लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या आवारात आहे.

माझा जन्म ससूनमधला. आईला तिथे नीट वागवलं गेलं, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण चिनी अधिकाऱ्यानं कॅमेरून यांच्या कोटाकडे बोट दाखवलं, तेव्हा ते बोट थोडं माझ्याकडेही वळलेलं होतं, हे मला मानावंच लागतं.

याच घराण्यात एक धागा असा आहे की, दोन्ही पॉप्या एका कुटुंबात येऊन भेटतात. डेव्हिड ससून यांचा पणतू सीगफ्रीड ससून पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढला. त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, आणि १९१७ मध्ये त्यानं हे युद्ध लांबवणाऱ्यांचा जाहीर निषेध केला. त्याच्या वडिलांनी धर्माबाहेर लग्न केलं म्हणून घराण्यानं त्यांना तोडलं होतं, त्यामुळे अफूच्या संपत्तीतलं त्याच्या वाट्याला फार काही आलं नाही. पणजोबाकडे चिरा दिलेलं बोंड, पणतूकडे खंदकाच्या काठावरचं लाल फूल.

आणि लाल फुलावर आपलाही हक्क आहे. पहिल्या महायुद्धात ७४ हजारांच्या आसपास हिंदी सैनिक मेले. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, विसाव्या आणि एकविसाव्या तुकड्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या न्यव शापेलच्या हल्ल्यात होत्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूटच्या वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या सैन्याचं नावच पूना डिव्हिजन होतं, आणि त्यात मराठा पलटणी होत्या. कैदेत, वाळवंटातून चालवत नेताना त्यांतले किती गळाले ते वाचवत नाही. सातारा, रत्नागिरीकडच्या गावांत चावडीच्या भिंतीवर अजूनही संगमरवरी पाटी दिसते. या गावातून एवढे गेले, त्यांपैकी एवढ्यांनी प्राण दिले. नावं नसतात, फक्त आकडे.

दोन फुलं, दोन नावं

ब्रिटिशांचं लाल रानफूल आणि अफूचं झाड एकाच कुळातली, पण वेगळी. रानफुलाच्या चिकात मॉर्फिन नसतं. अफूच्या बोंडातलं बी म्हणजे आपली खसखस. कॅमेरून बीजिंगला होते तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती, आणि घरोघरी डब्यांत खसखशीवर थापलेले अनारसे शिल्लक असणार. तीच वनस्पती आपल्याकडे पक्वान्नात, चिनी आठवणीत विष म्हणून. इंग्रजीत मात्र रानफूल, अफू आणि खसखस या तिन्हींना पॉपी हा एकच शब्द. गोंधळ तिथेच सुरू होतो.

चिनी भाषेत तसं नाही. अफूच्या झाडाला तिथे 'यिंगसू' म्हणतात, आणि लाल रानफुलाला 'यू मेइ रन', म्हणजे रूपवती यू. ख्रिस्तपूर्व २०२ मध्ये गायश्याच्या लढाईत सेनापती श्यांग यू चारी बाजूंनी वेढला गेला. त्याची प्रिया यू हिनं त्याच्या छावणीत प्राण दिला, आणि तिच्या रक्तातून हे फूल उगवलं अशी दंतकथा आहे. म्हणजे हरलेल्या लढाईनंतर मातीतून उगवलेलं लाल फूल, मेलेल्यांची आठवण. फ्लँडर्समध्ये १९१५ मध्ये जे सुचलं ते चिनी लोककथेत आधीपासून होतं.

ही गोष्ट मला कळली तेव्हा हे प्रकरण माझ्यासाठी पालटलं. ब्रिटिशांच्या छातीवर यू मेइ रन होतं, यजमानांना त्यात यिंगसू दिसलं. हा फरक एका वाक्यात सांगता आला असता, आणि तेही यजमानांच्याच भाषेत, त्यांच्याच कथेचा हात धरून.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १९१७ पासून ब्रिटननं वेइहायवेइ बंदरातून चिनी मजूर भरती करून फ्रान्सला नेले. ब्रिटिशांकडे सुमारे ९५ हजार आणि फ्रेंचांकडे सुमारे ४० हजार. बहुतेक शांडोंगमधले शेतकरी. पॅसिफिक ओलांडून कॅनडात, तिथून बंद आगगाड्यांतून पूर्व किनाऱ्याला, मग पुन्हा जहाजानं युरोपात. त्यांनी खंदक खणले, रूळ टाकले, गोदीत माल उतरवला. ११ नोव्हेंबरला तोफा थांबल्या तेव्हा त्यांचं काम थांबलं नाही. न फुटलेले गोळे वेचणं, काटेरी तारा गुंडाळणं, प्रेतं उकरून ओळीनं पुरणं ही कामं ते पुढेही करत राहिले. ज्या शेतांत ती लाल फुलं उगवत होती, ती शेतं साफ करणाऱ्या हातांत हे चिनी हातही होते. फ्रान्समध्ये सोम नदीच्या मुखाजवळ न्वायेल-स्युर-मेर इथे त्यांचं स्मशान आहे. आठशेहून अधिक थडगी, दगडांवर चिनी अक्षरं, आणि प्रवेशाशी चिनी धाटणीचं दार. त्याची निगा आजही कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन राखतं, म्हणजे ब्रिटिश सैनिकांच्या थडग्यांची निगा राखणारीच संस्था.

त्या पाहुण्यांच्या छातीवरच्या फुलात यजमानांचे मृत आधीपासूनच होते, पण तसं म्हणणारं कोणी पुढे आलं नाही.

काय करायला हवं होतं

'देश तसा वेश' ही म्हण मला मान्य आहे, पण ती वेशाला लागू होते, सुतकाला नाही. दुखवट्याची खूण यजमानाच्या सोयीनं काढघाल करायची वस्तू नव्हे. ११ नोव्हेंबर दोन दिवसांवर होता. त्या वेळी पंतप्रधानानं फूल काढलं असतं तर ते लावणाऱ्या घरांना काय वाटलं असतं, याचाही विचार हवा. म्हणून फूल न काढण्याचा त्यांचा निर्णय मी बरोबर मानते.

पण आपल्याकडे सुतकाची आणखी एक रीत आहे. सुतक असलेला माणूस दुसऱ्याच्या घरी कार्याला निघाला तर आधी सांगतो. 'आमच्याकडे अमुक झालंय, येऊ का?' यजमान म्हणतो, या, किंवा म्हणतो, चार दिवस थांबा. सांगण्यामुळे दोघांचाही मान राहतो. न सांगता गेलं आणि कोणाच्या लक्षात आलं की मग कुजबुज होते. बीजिंगमधून बाहेर आलेलं उत्तर 'आम्हाला मोलाचं आहे' इथे थांबलं. तुम्हाला ते काय सांगतं ते आम्हाला ठाऊक आहे, हा अर्धा भाग बातम्यांत कुठे सापडत नाही. मॅक्लीननं दोन्ही भाग सांगितले होते. म्हणून नकार देऊनही तो उद्धट वाटला नाही. बीजिंगमध्ये विनंती आणि नकार दोन्ही पचले, तरी एक खडा तसाच राहिला.

दौऱ्याची तयारी आठवडेच्या आठवडे चालते. जेवणात काय असावं, कोण कुठे बसावं, हे आधी कळवलं जातं. त्याच कागदांत एक पान फुलाबद्दल जायला हवं होतं. आम्ही नोव्हेंबरात येतोय, आमच्या छातीवर हे असेल, हे अमुक फूल आहे, हे अमक्यांसाठी आहे. दौऱ्यातल्या एखाद्या भाषणात न्वायेल-स्युर-मेरचा उल्लेख यायला हवा होता. १० तारखेला कॅमेरून बीजिंगच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसमोर बोलले, तीही जागा चालली असती. शांडोंगचा एखादा मुलगा त्या सभागृहात बसलेला असणं अगदी शक्य होतं.

वर्गात कोणी विचारतं, एवढं करूनही चिन्यांनी 'काढा' म्हटलं असतं तर? तर लावून जावं. समोरच्याला राग येण्याचा हक्क आहे आणि तो राग सोसणं ही पाहुण्याची बाजू आहे. पण मग घरी परतल्यावर 'वाकलो नाही' म्हणून मिरवू नये. १८३९ च्या पेट्या आठवणाऱ्या माणसासमोर न वाकण्यात शौर्य कसलं? मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हेच. एक हातच उरलेल्या माणसांनी बनवावं म्हणून ज्याची घडण ठरवली, ते फूल दंड थोपटायला वापरलं गेलं.

तासाच्या शेवटी मी टेबलावर दोन वस्तू ठेवते. एक माझी इंग्लंडहून आणलेली जुनी कागदी पॉपी, मधलं काळं बटण सैल झालेली. दुसरी वाटीभर खसखस. आणि सगळ्यांना सांगते, तुम्ही त्या शिष्टमंडळात आहात, दारावर चिनी अधिकारी उभा आहे, तीन वाक्यांत बोला. लोक बराच वेळ खाडाखोड करतात. माझी तीन वाक्यं मी शेवटी वाचून दाखवते, आणि दरवर्षी त्यांत एखादा शब्द बदलते.

'हे यू मेइ रन आहे. आमच्या मेलेल्यांसाठी लावलंय, आणि त्यांची प्रेतं ज्यांनी पुरली ते शांडोंगचे लोकही त्याच मातीत झोपलेत, त्यांच्यासाठीही. बाहेर चौकातल्या दगडावर पहिलं चित्र कशाचं आहे ते आम्ही वाचून आलो आहोत.'